आधी उपचार, तक्रारीचा निर्णय तिचा

(पत्रलेखिका आणि तिची भाची या दोघींच्या संमतीने हे पत्र छापत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी २१ वर्षांची आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी ती वर्षभरापासून आमच्याकडे, पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. शनिवारी संध्याकाळी अभ्यासिकेतल्या एका मुलाने नोट्स देतो म्हणून तिला खोलीवर बोलावले आणि तिच्यावर जबरदस्ती केली. तो मुलगा आमच्या ओळखीच्या घरातला आहे. रविवारी रात्री ती माझ्याजवळ बोलली. तोवर तिने अंघोळ केली होती, कपडेही धुतले होते. ती सारखी म्हणते, 'मावशी, मी ओरडले नाही, आता कोण विश्वास ठेवील?' दवाखान्यात गेलो तर पोलीस येतील आणि गावभर होईल, या भीतीने मी गप्प आहे. माझ्या यजमानांना आणि बहिणीला यातले काही माहीत नाही. तिला कुठे न्यावे, कोणाला सांगावे?"

त्यानंतर दोन दिवसांनी आलेल्या दुसऱ्या पत्रातला मजकूर असा: "तुम्ही कळवल्याप्रमाणे तिला सोमवारीच जिल्हा रुग्णालयात नेले. तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. पोलीसही आले, पण तिने आत्ता काही सांगायचे नाही असे म्हटले. गोळ्यांनी तिला फार मळमळते. आता ठाण्यातून फोन येत आहेत. पुढे काय करू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पहिले पत्र सोमवारी दुपारी हाती आले, तेव्हा सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून "आज रात्रीच्या आत तिला जिल्हा रुग्णालयात न्या, बाकीचे नंतर बोलू" एवढेच तातडीने कळवले होते. तुम्ही त्याच संध्याकाळी तिला घेऊन गेलात. भाचीने विश्वासाने सांगितल्यावर "तू तिथे गेलीसच का" असा प्रश्न तुम्ही केला नाहीत, हे तुमच्या पत्रातून जाणवते, आणि पुढे जे काही नीट होईल त्याची सुरुवात तिथेच झाली आहे. आता तुमच्या प्रश्नांची सविस्तर उत्तरे देते. त्यांतील काही भाग तुमच्यासाठी आता मागे पडला असला, तरी उद्या याच अवस्थेत सापडणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मावशीसाठी, मैत्रिणीसाठी किंवा शिक्षिकेसाठी तो लिहिणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करते. उपचार आणि तक्रार या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे त्या एकाच गाठोड्यात बांधल्या जातात, आणि त्यामुळे पोलिसांची भीती वाटणारी मुलगी डॉक्टरांकडेही जात नाही. यात तिचे जे नुकसान होते ते मागाहून भरून काढता येत नाही, कारण तक्रारीला वाट पाहता येते पण औषधांना नाही. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठीच्या गोळ्या शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि त्या सलग २८ दिवस घ्याव्या लागतात. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळीही पहिल्या ७२ तासांत अधिक खात्रीने काम करते. ती पाच दिवसांपर्यंत देता येत असली, तरी दर दिवसागणिक तिचा उपयोग कमी होत जातो. यांच्या जोडीला कावीळ ब ची लस, धनुर्वाताचे इंजेक्शन, लैंगिक संबंधांतून होणाऱ्या इतर संसर्गांवरची औषधे आणि जखमांची देखभाल हे सारे येते. ही मुदत टळून गेलेली असली, तरी रुग्णालयात जाणे निरर्थक होत नाही. तपासण्या, इतर उपचार आणि समुपदेशन नंतरही उपयोगाचेच असतात.

मळमळीबद्दल तुम्ही विचारले आहे. या गोळ्यांनी काहींना मळमळ, थकवा किंवा डोकेदुखी होते. म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. ज्या एआरटी केंद्रातून (एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या केंद्रातून) किंवा ज्या डॉक्टरांकडून त्या मिळाल्या, त्यांना फोन करून त्रास सांगा. मळमळीवर वेगळे औषध देता येते, गरज वाटल्यास गोळीही बदलून देता येते. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर ती पुन्हा घ्यायची का, हेही त्यांनाच विचारून कागदावर लिहून ठेवा. रोज एकच वेळ ठरवून घ्या, आणि त्या वेळी तिला केवळ आठवण करून द्या. गोळी घेतली की नाही याची चौकशी चारचौघांत होऊ नये, एवढी काळजी तुमच्या घरात तुम्हालाच घ्यावी लागेल. पाळीची अपेक्षित तारीखही नोंदवून ठेवा. पाळी चुकली तर थांबू नका, लगेच चाचणी करून घ्या. बलात्कारातून राहिलेला गर्भ कायद्याने २४ आठवड्यांपर्यंत काढता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे आणि त्यानंतर दोन डॉक्टरांचे मत लागते. मुलगी सज्ञान असेल तर तिची एकटीची संमती पुरते. आईवडिलांची सही मागण्याचा अधिकार कोणाला नाही.

आता रुग्णालय आणि पोलीस यांच्या संबंधाकडे वळते, कारण तुमच्या मनातली मुख्य भीती तीच होती आणि ती पूर्णपणे निराधार नव्हती. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार प्रत्येक रुग्णालयाने, मग ते सरकारी असो वा खासगी, अशा स्त्रीवर तत्काळ आणि विनामूल्य उपचार केले पाहिजेत, आणि घटनेची माहिती पोलिसांना दिली पाहिजे. "आम्ही मेडिको-लीगल केस (पोलिसांना कळवावे लागते असे प्रकरण) घेत नाही, तुम्ही सिव्हिलला जा" असे म्हणून खासगी दवाखाने दारातूनच परत पाठवतात, ते बेकायदा आहे. उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंतच्या कैदेची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० मध्ये सांगितली आहे. थोडक्यात, रुग्णालय पोलिसांना कळवणारच. परंतु रुग्णालयाने कळवणे म्हणजे भाचीने तक्रार देणे नव्हे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपचार, शारीरिक तपासणी आणि पुराव्यासाठी नमुने घेणे यांसाठी वेगवेगळी संमती विचारली पाहिजे. ती एका गोष्टीला हो आणि दुसरीला नाही म्हणू शकते, आणि नाही म्हटले म्हणून तिचे उपचार अडवता येत नाहीत. पोलिसांकडे जायचे नसेल, तर तसा नकारही लिहून घेतला जातो.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. पोलीस आले आणि तिची जबाब द्यायची तयारी नसली, तर तिने "सध्या मला तक्रार द्यायची नाही, मनाची तयारी झाल्यावर मी सांगेन" अशा अर्थाचे लिहून द्यावे. "काही घडले नाही", "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही", "गैरसमज झाला होता" अशा मजकुरावर कधीही सही करू नये. तयार टाइप केलेला कागद पुढे सरकवून "इथे सही करा, म्हणजे पुन्हा त्रास नाही" असे सांगितले जाते, आणि थकलेली मुलगी न वाचता सही करून मोकळी होते. पुढे तिने तक्रार करायचे ठरवले, तर न्यायालयात पहिल्यांदा तोच कागद तिच्यासमोर धरला जातो. तेव्हा तिने सोमवारी ज्या कागदावर सही केली त्यात नेमके काय लिहिले आहे, हे तिला आठवत आहे का ते तिला शांतपणे विचारा. ठाण्यातून पुन्हा फोन आला, तर तुम्ही तो घ्या, बोलणाऱ्याचे नाव आणि हुद्दा लिहून घ्या, आणि "ती वकिलांशी बोलल्यावर कळवेल" एवढेच सांगा.

रुग्णालयात जाण्याची वेळ ज्यांच्यावर अजून यायची आहे, त्यांच्यासाठी तिथले दृश्य थोडे जवळून सांगते, कारण पुष्कळ जणी केस पेपरच्या खिडकीपर्यंत जाऊन परत फिरतात. रांगेत मागे दहा माणसे उभी असतात आणि खिडकीतून मोठ्याने विचारले जाते, "काय होतंय?" त्या ठिकाणी घटना सांगायची गरज नाही. सरळ अपघात विभागात जावे आणि तिथल्या सिस्टरना किंवा ड्युटीवरच्या डॉक्टरांना हळू आवाजात सांगावे की "मेडिको-लीगल केस आहे, आम्हाला आडोशाला बोलायचे आहे." तपासणी शक्यतो महिला डॉक्टरांनी करावी, महिला डॉक्टर उपलब्ध नसतील तर एका स्त्रीच्या उपस्थितीत पुरुष डॉक्टर करू शकतात, पण "मॅडम उद्या येतील, उद्या या" असे म्हणून तपासणी लांबवता येत नाही. आत सोबत कोण असावे हे तिने सांगावे. योनिमार्गात बोटे घालून 'सवय' आहे का हे पाहण्याची जी अपमानास्पद तपासणी पूर्वी केली जात असे, ती आरोग्य मंत्रालयाने बंद केली आहे, आणि ती करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. कोणी तसे करू लागले तर थांबवण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

अंघोळ केली, कपडे धुतले म्हणून सगळे संपले असे समजू नका. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, जरी पहिल्या ७२ तासांनंतर काही सापडण्याची शक्यता बरीच कमी होते. त्या वेळी अंगावर असलेले कपडे धुतलेले असले तरी ते पूर्ण वाळवून कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि जो काही अंश उरला असेल तोही जातो. मोबाइलमधले मेसेज, कॉलची नोंद, "नोट्स घ्यायला ये" असे त्याने लिहिले असेल तर तो संवाद, यातले काहीही पुसू देऊ नका, ते वाचणे तिला सहन होत नसले तरीही. सोमवारी जे कागद झाले त्यांची प्रत विनामूल्य मिळण्याचा तिला हक्क आहे. अजून मिळाली नसेल तर पुढच्या तपासणीला जाल तेव्हा मागून घ्या आणि घरात सहज कोणाच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

"मी ओरडले नाही" हे भाचीचे वाक्य मला फार वेळ अस्वस्थ करीत राहिले. अशा प्रसंगी शरीर गोठते. आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत, आणि नंतर मात्र त्याच मुलीला वाटत राहते की आपण काहीच का केले नाही. तिला हे सांगा, आणि एकदा सांगून थांबू नका. कायद्यानेही ही गोष्ट मान्य केली आहे, पण त्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली, आणि ती तुमच्याच भागातल्या एका मुलीने मोजली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरवले होते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, अशा कारणांनी त्यांना सोडून दिले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले की निमूटपणे सहन करणे म्हणजे संमती कशी होते. त्या पत्रातून देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. आज कायद्यात असे स्पष्ट लिहिलेले आहे की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येत नाही. भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. भारतीय न्याय संहितेचे कलम ६३ आणि त्याखालचे दुसरे स्पष्टीकरण तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचू द्या. माझ्या सांगण्यापेक्षा त्या दोन ओळी तिला अधिक बळ देतील असे मला वाटते.

मदत कुठे मिळेल, या तुमच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर सखी वन स्टॉप सेंटर हे आहे. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठीच्या केंद्र सरकारच्या निर्भया निधीतून १ एप्रिल २०१५ पासून ही केंद्रे सुरू झाली. ती बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळपास असतात. वैद्यकीय मदत, समुपदेशन, कायदेशीर सल्ला, पोलिसांशी संपर्क आणि गरज पडल्यास पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय, हे सारे तिथे एका छताखाली आणि विनामूल्य मिळावे अशी ती योजना आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला तर तुमच्या जिल्ह्याच्या केंद्राशी जोडून देतात. फोनवर भाचीचे नाव, गाव सांगितलेच पाहिजे असे नाही. आधी तुम्ही एकट्या बोला, समुपदेशक कोणत्या वेळी भेटतात ते विचारा, आणि मग तिला हे सांगा की असे एक ठिकाण आहे, तुला वाटले तर जाऊ, नाही वाटले तर जाणार नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की सगळी केंद्रे सारख्या गुणवत्तेची नाहीत. काही ठिकाणी अत्यंत समजूतदार, अनुभवी कार्यकर्त्या भेटतात, तर काही ठिकाणी खुर्च्या रिकाम्या असतात किंवा पहिल्याच भेटीत तक्रारीसाठी आग्रह सुरू होतो. पहिल्या भेटीत तिला परके वाटले, तर तो तिचा दोष मानू नका आणि मदतीची दारे बंद झाली असेही समजू नका.

दुसरे दार आहे ते महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षाचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात हा प्रयोग सुरू केला. पोलिसांच्या आवारात बसणाऱ्या, पण पोलीस नसलेल्या, समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या, अशी त्याची रचना आहे, आणि पुढे तो राज्यातल्या इतर जिल्ह्यांत पोहोचला. पोलिसांची भाषा त्यांना कळते आणि बाईची अडचणही कळते, म्हणून ठाण्यात जायची वेळ आली तर अशी एक कार्यकर्ती सोबत असणे फार उपयोगी पडते. मुंबईतल्या वाचकांसाठी सांगते की वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून सुरू केलेले दिलासा केंद्र हे रुग्णालयातच समुपदेशन मिळण्याचे आपल्याकडचे सुरुवातीचे आणि चांगले उदाहरण आहे, आणि महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे आहेत.

तिसरे दार म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, तालुक्याच्या न्यायालयातही त्याची समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. माझा आग्रह असा की तक्रार द्यायची की नाही हे ठरवण्याच्या आधीच भाचीने एका महिला वकिलाशी एकदा निवांत बोलावे. वकिलाशी बोलल्याने कोणताही गुन्हा दाखल होत नाही, आणि पुढचा रस्ता कसा असतो, कुठे किती वेळ लागतो, कोणते प्रश्न विचारले जातात, हे समजल्यावर तिने घेतलेला निर्णय, मग तो कोणताही असो, तिला पेलता येईल.

तिने तक्रार द्यायचे ठरवले, तर पुढील गोष्टी जवळ असू द्या. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात आणि तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. तुमच्या गावातल्या ठाण्यात सगळे ओळखीचे चेहरे असतील, तर जिल्ह्याच्या ठिकाणी तक्रार देता येईल. माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, आणि नंतरचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी, जवळच्या नातेवाइकाच्या किंवा समाजकार्यकर्तीच्या उपस्थितीत घेतला पाहिजे. "आधी साधा अर्ज द्या, आम्ही चौकशी करतो" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळण्याची शक्यता आहे. ते मान्य करू नका. बलात्काराच्या आरोपात गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची मुभा पोलिसांना नाही, आणि गुन्हा नोंदवून न घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यास किमान सहा महिने सश्रम कारावासाची शिक्षा कायद्यात आहे. तरीही नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तिला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

गावभर होण्याच्या भीतीबद्दल एवढेच सांगते की तिचे नाव किंवा ओळख पटेल असा मजकूर छापणे, पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि खटलाही बंद दालनात चालतो. कायदा गावातली कुजबुज थांबवू शकत नाही, हे मला माहीत आहे. पण व्हॉट्सअॅपवर तिचे नाव फिरवणाऱ्याला थांबवू शकतो.

उशीर होतो आहे म्हणून तिच्यावर घाई करू नका. या गुन्ह्यासाठी तक्रारीची मुदत संपत नाही, आणि उशिरा दिलेली तक्रार केवळ उशिरामुळे खोटी ठरत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. लवकर दिलेली तक्रार तपासाला सोपी जाते हे मात्र खरे आहे आणि तेही तिला माहीत असले पाहिजे. दोन्ही बाजू तिच्यासमोर ठेवा, आणि मग थांबा.

मुलगा ओळखीच्या घरातला असल्याने, ही गोष्ट बाहेर आली की कोणीतरी वडीलधारे मध्यस्थीला येतील, माफीनामा, पैसे, आणि सर्वांत वाईट म्हणजे "त्यांचे लग्नच लावून देऊ" असा प्रस्ताव मांडतील. हा गुन्हा कायद्याने तडजोडीने मिटवता येत नाही. अशा बैठकीला भाचीला बसवू नका, आणि तुम्हीही बसू नका.

बहिणीला आणि यजमानांना सांगायचे की नाही, हा प्रश्न तुम्हाला आतून पोखरतो आहे. बहिणीपासून एवढी मोठी गोष्ट लपवणे म्हणजे विश्वासघात, असे तुम्हाला वाटत असणार. तरीही माझे मत ठाम आहे की हे भाचीने ठरवायचे. ती सज्ञान आहे. ती १८ वर्षांखालील असती तर पोक्सो या, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार पोलिसांना कळवणे तुमच्यावरही बंधनकारक ठरले असते, आणि माझे उत्तर वेगळे झाले असते. तिच्या शरीरावरचा तिचा अधिकार एकदा हिसकावून घेतला गेला आहे. आता तिची हकिकतही तिच्या नकळत दुसऱ्या कोणी सांगितली, तर तिच्या हाती काहीच उरत नाही. तिला विचारा, "आईला सांगावेसे वाटते का, तू सांगशील की मी सांगू, की आपण दोघी मिळून सांगू?" नाही म्हणाली तर तिचा नकार पाळा, आणि काही दिवसांनी पुन्हा विचारायला हरकत नाही.

येत्या आठवड्यांत तिची झोप उडेल, पुस्तक उघडून तासन्‌तास एकाच पानावर बसेल, एखाद्या दिवशी अगदी पूर्वीसारखी हसेल आणि दुसऱ्या दिवशी दार लावून घेईल. यातले काहीही नाटक नसते. घटना पुन्हा पुन्हा विचारू नका. ती बोलेल तेव्हा ऐका. अभ्यासिका बदलायची असेल तर कारण न विचारता बदलून द्या, पण "अभ्यास राहू दे, गावाला जा" असे म्हणून तिचे शिक्षण थांबवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मरणाची भाषा तिच्या तोंडून आली, किंवा ती आपल्या वस्तू वाटून टाकू लागली, तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. हाच क्रमांक तुमच्यासाठीही आहे, ताई. सगळे एकटीने मनात ठेवून वर घर चालवणे सोपे नाही, आणि भाचीचे नाव न सांगताही तुम्ही तिथे स्वतःबद्दल बोलू शकता.

गुन्हा दाखल झाला तर राज्य शासनाच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसहाय्य मिळू शकते. ही योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून सुरू आहे आणि तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच करायचा असतो, तेव्हा वकिलांशी बोलताना त्याचीही चौकशी करा. पैशासाठी तक्रार केली असे कोणी म्हणेल म्हणून तो हक्क सोडून देण्याचे कारण नाही.

या आठवड्यात तुमच्याकडून दोनच कामे व्हावीत असे मला वाटते: एआरटी केंद्राला मळमळीबद्दल फोन, आणि १८१ वरून सखी केंद्राची वेळ. एचआयव्ही आणि इतर तपासण्या काही आठवड्यांनी पुन्हा कराव्या लागतात; त्यांच्या तारखा केंद्रातून विचारून घ्या आणि त्या दिवशी तिच्यासोबत जा. भाचीला स्वतः लिहावेसे वाटले, तर तिने कोणत्याही नावाने लिहावे. तिला मी थेट उत्तर पाठवीन आणि ते या सदरात छापले जाणार नाही.